उकिडवं बसण्याची नोकरी

अमेरिकेतल्या डे मॉइन शहरात हाडांच्या डॉक्टरकडे मार्लीन नंबराची वाट पाहत बसली होती. समोर एक दांडगा गडी दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या धरून बसला होता आणि शेजारी त्याची बायको.

"ड्वेन, डॉक्टर म्हणाले खेळ थांबवा, तर थांबवायचा."

"बरं."

"अकरा वर्षं बेसबॉलच्या फलंदाजामागे चेंडू झेलायला उकिडवा बसतोयस. छोट्या संघांपायी सात गावं बदलली आपण. मोठ्या संघानं एकदा तरी बोलावलं?"

"कॅचरला वेळ लागतो गं, कोरीन."

"बत्तिसावं सरलं! तू खाली बसलास की गुडघ्यांचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येतो."

"डॉक्टर म्हणतील तसं करीन. शब्द देतो. थांब, फोन आलाय. बोला, कोच... कुणाचं बोट मोडलं?... उद्या?... हो. हो, येतो."

"काय झालं? अरे, रडतोयस का?"

"मोठ्या संघाचा कॅचर जायबंदी झालाय. उद्या दुपारी शिकागोत सामना आहे, मला बोलावलंय. पण तुला आत्ताच शब्द दिला..."

"ऊठ."

"आणि डॉक्टर?"

"ऊठ म्हणते ना! किल्ली दे, गाडी मी चालवते. तू मागे पाय पसरून बस."

तेवढ्यात नर्सनं दार उघडून ड्वेनच्या नावाची हाक मारली. कोरीन बाहेर पडता पडता ओरडली,

"तो कामावर गेलाय! या बाईंना घ्या आत!"

मार्लीन काठी टेकत उठली आणि नर्सला म्हणाली,

"डॉक्टर राहू देत गं पोरी. आधी सांग, उद्याचा सामना टीव्हीवर किती वाजता आहे?"