ज्याचं आधी होईल

सासूबाई : मोठी रडतेय का अजून?

सून : नाही आई. आतल्या खोलीत धाकट्याला भागाकार समजावतेय.

सासूबाई : आज? परीक्षेच्या वर्गातून हात धरून बाहेर काढलंय तिला, आणि ही भागाकार समजावतेय?

सून : तिचं आवरलं होतं. त्याचं राहिलं होतं.

सासूबाई : म्हणजे जे केलं म्हणून बाहेर काढलं, तेच घरी येऊन पुन्हा. धन्य आहे! ते बटाटे दे इकडे. सालाबरोबर निम्मा बटाटा टाकतेयस तू. आणि आता पहिल्यापासून नीट सांग. आल्यापासून अर्धं सांगतेस आणि अर्धा वेळ नाक पुसतेस.

सून : काय सांगू? पहिल्यांदाच बाहेरच्या शाळेत परीक्षेला बसली ना ती. इतकी वर्षं मीच पेपर काढायचा आणि मीच तपासायचा. आता बारा वर्षांची झाली, आता ही परीक्षा पास झाली तरच पुढे घरी शिकवू देणार. म्हणून मी सगळी तयारी करून घेतली. गणित घेतलं, भाषा घेतली, नकाशे घेतले. फक्त परीक्षेला बसायचं कसं, तेवढं राहिलं.

सासूबाई : बसायचं कसं म्हणजे? बाकावर बसायचं!

सून : तेच तर. ही बसलीच नाही ना! पेपर हातात आल्यावर उभी राहिली आणि हात जोडून मोठ्याने प्रार्थना केली.

सासूबाई : मोठ्याने?

सून : घरी आम्ही रोज करतोच ना, अभ्यासाला बसताना. पोरं हसली, ही म्हणे आमेन म्हणून बसली. इथवर ठीक होतं. पण गणित हिचं लवकर झालं. शेजारच्या बाकावरचा मुलगा डोळे पुसत होता. ही उठली, त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, सरक.

सासूबाई : सरक?

सून : सरक म्हणाली आणि बसली त्याच्याजवळ. कुठलं अडलंय विचारलं.

सासूबाई : आणि वर्गावरच्या बाई काय करत होत्या?

सून : त्या धावतच आल्या. तर ही त्यांना म्हणते, तुम्ही बसा बाई, मी सांगते ह्याला. आई, हसू नका हो.

सासूबाई : मी कुठे हसतेय? माझं तोंडच तसं आहे. पुढे?

सून : पुढे काय, पेपर काढून घेतला. मला बोलावणं आलं. तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, उद्या सकाळी मुलीला घेऊन या. कॉपी केली असं तिने सगळ्यांसमोर कबूल करावं, माफी मागावी, म्हणजे बाकीचे पेपर देता येतील. नाहीतर नाव कमी.

सासूबाई : आणि नाव कमी झालं म्हणजे घरचं शिकवणंही बंद.

सून : बंद. दोघांचंही. बोला ना आता. पोरांना घरी ठेवायचं की शाळेत घालायचं, ते महिनाभर तुम्ही बघताय. आई बघेल आणि आई सांगेल तसं करू, असं तुमच्या मुलानेच म्हटलंय. तुम्ही मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होतात, तुमच्या शब्दापुढे माझं काय चालणार? म्हणा एकदा, मी आधीच सांगत होते म्हणून.

सासूबाई : मी काही बोलले का?

सून : नाही बोललात, म्हणूनच जीव खालीवर होतोय.

सासूबाई : बोलायचं असतं तर पहिल्याच दिवशी बोलले असते. मी दारात पाऊल टाकलं तेव्हा धाकटा टेबलाखाली पालथा पडून पाढे म्हणत होता. मोठी भांडी विसळता विसळता खंडांची नावं घोकत होती. तू एका हाताने भाजी ढवळत होतीस आणि दुसऱ्या हाताने बायबलमधल्या शास्त्रपाठाचं पान धरलं होतंस. मला वाटलं, ही शाळा आहे की बाजार?

सून : झालं. म्हणजे ठरलंच तुमचं.

सासूबाई : घाई करू नकोस. पोरीला काय सांगितलंस तू? उद्याचं?

सून : म्हटलं, दोन शब्द बोल आणि सुटून ये. हो, चुकले, कॉपी केली. संपलं. आपल्या तोंडाला काय फोड येतात का?

सासूबाई : मग?

सून : नाही म्हणते.

सासूबाई : का म्हणून?

सून : तिलाच विचारा. माझं तर डोकं चालेनासं झालंय. मोठे! अगं मोठे, बाहेर ये. आजी बोलावतेय.

मोठी : येऊ का लगेच? धाकट्याची बाकी चुकतेय सारखी. तो शेवटचा आकडा खाली घ्यायलाच विसरतो.

सासूबाई : विसरू दे थोडा वेळ. इकडे ये. समोर उभी राहा. हात मागे.

मोठी : हात मागे का, आजी?

सासूबाई : सवय माझी. राहू दे, कसेही ठेव. त्या मुलाला तू उत्तर सांगितलंस?

मोठी : नाही. सांगायच्या आधीच बाई आल्या. मी त्याला नुसतं म्हटलं, आधी कंस सोडव, मग बाकीचं.

सासूबाई : हळू म्हटलंस की मोठ्याने?

मोठी : मोठ्याने. तो रडत होता ना, त्याला ऐकू आलं नसतं. आजी, कॉपी करणारे हळू बोलतात ना?

सासूबाई : बोलतात. खूप हळू बोलतात. माझे कान तयार झालेत ते ऐकून ऐकून.

मोठी : मग मी कॉपी कशी केली? घरी तर हेच करायचं असतं. ज्याचं आधी होईल, त्याने मागे राहिलेल्याजवळ बसायचं. मम्मीचाच नियम आहे.

सून : माझाच आहे. माझाच नियम माझ्या गळ्याशी आलाय. पण बाळा, एकदाच हो म्हण ना. त्या बाईंना तेवढंच हवंय. आपल्याला माहीत आहे तू काय केलंस, देवाला माहीत आहे. मग झालं तर.

मोठी : पण मम्मी, आज सकाळी तूच प्रार्थना केलीस ना? प्रभू, आज आम्हाला खरं बोलायला बळ दे, असं म्हणालीस. सगळ्यांसाठी म्हणालीस. आता तुला नको आहे का ते?

सासूबाई : बोल की आता.

सून : काय बोलू? मला भीती वाटते गं राणी. तुम्ही दोघं सकाळी दप्तर घेऊन निघून गेलात आणि मी इथे रिकाम्या टेबलापाशी बसलेय, असं दिसायला लागलंय मला दुपारपासून. त्या भीतीपायी बोलले. चुकलंच माझं. तू म्हणतेस ते बरोबर आहे.

मोठी : तू रडू नकोस. मी जाईन शाळेत, जायचंच असेल तर. पण खोटं सांगून थांबायचं नाही.

सासूबाई : शहाणी आहेस. पण एका बाजूनेच शहाणी आहेस. आता दुसरी बाजू ऐक. परीक्षेच्या वर्गात प्रत्येकाने एकट्याने लिहायचं असतं. का, ठाऊक आहे?

मोठी : का?

सासूबाई : कारण त्या दिवशी उत्तरं बघायची नसतात, कुणाला काय येत नाही ते बघायचं असतं. त्या मुलाला कंस सोडवता येत नाहीत. तू सांगून टाकलंस, त्याने लिहून टाकलं, तर त्याच्या बाईंना कळणार कसं? आणि कळलं नाही तर त्याला शिकवणार कोण? तू त्याचा एक प्रश्न सोडवलास आणि त्याचं वर्ष अडवलंस.

मोठी : हे मला कुणी सांगितलंच नाही.

सासूबाई : घरी परीक्षा नसते का तुमची?

मोठी : असते. पण मम्मीला आधीच माहीत असतं ना, आम्हाला काय येत नाही ते.

सासूबाई : हं. हेही खरंच म्हणा.

मोठी : मग मी चुकले तर.

सासूबाई : चुकलीस.

मोठी : पण कॉपी नाही केली.

सासूबाई : नाही केली.

मोठी : मग उद्या दोन्ही सांगू?

सासूबाई : दोन्ही सांग. आधी चुकलीस ते सांग, मग नाही केलंस ते. आणि ह्याच क्रमाने. उलटं सांगितलंस तर बाई अर्ध्यातच थांबवतील.

सून : आणि आई, नाही ऐकलं त्यांनी तर?

सासूबाई : तर नाही ऐकलं. देवाने त्यांना कान दिलेत, बघू वापरतात का. उद्या मी येते बरोबर.

सून : तुम्ही बोलाल? तुमचं वजन पडेल हो तिथे. त्यांना सांगा, तुम्ही कोण होतात ते.

सासूबाई : एक अक्षर बोलणार नाही. शब्द तिचा आहे, तिनेच टाकायचा. मी नुसती खुर्चीवर बसेन. जा गं, त्या पोराची बाकी बघ. भांबावला असेल एकटा.

(दुसऱ्या दिवशी दुपार. स्वयंपाकघरात दोघीच.)

सून : आता तरी सांगा. रस्ताभर दोघींचं एकच, घरी गेल्यावर सांगू. मोठी तर घरी येऊन जी झोपली ती झोपलीच.

सासूबाई : झोपू दे. खऱ्यालाही श्रम पडतात. पाणी दे आधी.

सून : हे घ्या. एकाच पालकाला आत सोडणार म्हणाल्या तेव्हा मी तुम्हाला पुढे केलं खरं, पण बाहेर बाकड्यावर बसून माझा जीव गेला. इतका वेळ काय चाललं होतं?

सासूबाई : बाई तशा वाईट नाहीत. दमलेल्या आहेत. टेबलावर एवढा गठ्ठा, समोर थंड झालेला चहा. न बघताच विचारलं, काय, केलीस ना कॉपी? तर ही म्हणाली, मी चुकले बाई. मला परीक्षेचा नियम माहीत नव्हता, काल आजीने समजावला. पण कॉपी नाही केली, म्हणून ते मी म्हणणार नाही.

सून : अस्सं म्हणाली? थेट?

सासूबाई : ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतली नाही ती. तेव्हा कुठे बाईंनी मान वर केली. म्हणाल्या, म्हण किंवा नको म्हणू, पण नाव कमी होईल. ही म्हणाली, हो, मम्मीने सांगितलंय मला. आणि तशीच उभी. मागे हात गच्च धरले होते गं तिने. समोरून बाईंना दिसत नव्हतं, मला दिसत होतं.

सून : आणि तुम्ही गप्प बसलात?

सासूबाई : जीभ दाताखाली धरून बसले होते. शेवटी बाईंनी त्या वर्गावरच्या बाईंना बोलावलं. त्या आल्या, आणि खरं तेच बोलल्या हो. म्हणाल्या, मुलीने चोरून काही केलं नाही, उलट मलाच बसायला सांगितलं. तेव्हा मुख्य बाईंना हसू आलं. तरी चेहरा कडक ठेवून विचारतात कशा, उद्याच्या पेपरात कुणी रडताना दिसलं तर काय करशील?

सून : देवा! मग?

सासूबाई : हिने पुष्कळ विचार केला. मला वाटलं, आता बुडवते. तर म्हणाली, मनात त्याच्यासाठी प्रार्थना करीन. आणि पेपर संपला की दाराशी थांबेन त्याच्यासाठी. बाई म्हणाल्या, मनात म्हणजे मनातच हं.

सून : अहो पण ठरलं काय?

सासूबाई : बाकीचे पेपर देता येतील, पहिल्या बाकावर एकटीने बसून. गणिताचा कालचा पेपर गेला तो गेला, तो पुन्हा द्यावा लागेल पुढल्या आठवड्यात. आणि ते रास्तच आहे. नियम मोडला तर एवढं पडतंच पदरात.

सून : देऊ की! दहा वेळा देऊ! आई, मला आता रडू येतंय, तर रडू द्या.

सासूबाई : रड. कालपासून अडलेलं आहे ते.

सून : पण... अजून एक राहिलंच.

सासूबाई : काय राहिलं?

सून : परवा हे गाडीची फेरी संपवून परत येतील. आल्या आल्या विचारतील, आईने काय ठरवलं म्हणून. परीक्षेचं निभावलं, पण तुमचा महिना संपत आला. खरं सांगा. मनात काय आहे तुमच्या?

सासूबाई : तो नाही विचारायचा.

सून : विचारतील हो. तुम्ही ओळखता ना आपल्या मुलाला.

सासूबाई : नाही विचारायचा, कारण त्याला मी सांगून झालंय. सकाळीच फोन केला.

सून : सकाळी कधी? आपण तर सकाळीच निघालो.

सासूबाई : निघायच्या आधी. तू धाकट्याला शेजारी सोडायला गेली होतीस तेव्हा.

सून : म्हणजे मुख्य बाई काय म्हणतात ते कळायच्या आधीच?

सासूबाई : मुख्य बाईंनी परीक्षेचं ठरवलं. माझं मी काल ह्याच टेबलापाशी ठरवलं. इतकी वर्षं शाळा चालवली, पोरांना नियम पाळायला शिकवलं, अक्षर वळवायला शिकवलं, रांगेत उभं राहायला शिकवलं. पण सगळं गमवायची वेळ आली तरी खोटं बोलायचं नाही, हे कुठल्या तासाला बसवायचं ते मला कधी समजलं नाही. तुझ्या बाजारात ते कुठेतरी शिकवून होतंय.

सून : काय म्हणालात ह्यांना?

सासूबाई : म्हटलं, पोरं घरीच राहू देत. आणि आलास की बायकोला दोन दिवस स्वस्थ झोपू दे, फार घाबरली होती बिचारी.