मासे तुझे, लिंबं माझी!

...नाही नाही, लिंबाशी माझं वैर नाही हो! लिंबू चांगलंच असतं. माझं म्हणणं एवढंच, की आमच्या या विस्कॉन्सिनात, जिथे बाहेर पाऊल टाकलं की श्वास मिशीवर गोठतो, तिथे गॅरेजमध्ये लिंबाचं झाड कशाला? आणि मग गाडी कुठे? बाहेर! बर्फात! मी रोज सकाळी फावड्यानं गाडी शोधतो, आणि लिंबू आत हीटर लावून, दिव्याखाली आरामात बसलंय!

तुम्हाला सांगतो, एक दिवस बायको, आमची आर्लिस, गुरांना पाणी पाजायची टाकी घेऊन घरी आली. आमच्याकडे गुरं नाहीत. मी म्हटलं, "गाय कुठाय?" म्हणते, "गाय नाही रे व्हर्लिन, मासे! टाकीत तिलापिया, वर टबात खडी, खडीत लिंबाचं झाड. माशांचं घाण पाणी पंपानं वर जाणार, झाड त्यातलं खाणार, पाणी स्वच्छ होऊन परत खाली. माती नको, खत नको, कटकट नको. मासे तुझे, लिंबं माझी!"

मासे तुझे! आता मी कसला माणूस? शुक्रवारी तळलेला मासा पानात पडला नाही तर मला तो शुक्रवार वाटतच नाही. फसलो ना राव!

मासे तळहाताएवढे झाले, मी जाळी घेऊन गेलो, तर मागून ओरडली, "ठेव तो! मासे कमी झाले तर झाड काय खाईल?" "अगं पण मासे माझे ना?" "तुझेच आहेत की. टाकीत आहेत." आता बोला!

आणि कटकट नको म्हणे! पानं पिवळी पडली, लोह कमी पडलं म्हणून पुड्या आणून घाला. पानांवर कीड आली, मी फवारा उचलला तर ही आडवी! "मासे मरतील!" मग काय करायचं? तर कान साफ करायच्या काड्या घ्यायच्या आणि एकेक पान उलटून पुसायचं. मी! आयुष्यभर बर्फाच्या वादळातून दुधाचा टँकर चालवलेला माणूस, स्टुलावर बसून लिंबाची पाठ पुसतोय! मग फुलं आली. ऐन थंडीत मधमाशी कुठून येणार? हिनं माझ्या हातात रंगाचा ब्रश दिला, म्हणे, "या फुलातून त्या फुलात फिरव." फिरवला. वर म्हणते, "जरा हळू रे, दचकतील." फुलं! दचकतील!

तुम्ही म्हणाल, एवढा वैताग आहे तर दे फेकून. नाही हो फेकता येत... लव्होन आहे ना.

लव्होन म्हणजे आर्लिसची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच आर्लिसला वाढवलं. पुढे फ्लोरिडात संसार झाला, परसात लिंबाचं झाड होतं. आता नवरा गेला, आठवण गेली, म्हणून तिला इथल्या वृद्धाश्रमात आणलं. पण तिच्या लेखी ती अजून फ्लोरिडातच! मला तर ती तिथले शेजारी मिस्टर हॅगन समजते. आणि आर्लिस भेटायला गेली की दर वेळी एकच, "जा गं, परसातलं एक लिंबू तोडून आण."

दुकानातून आणून दिलं. हुंगलं, म्हणाली, "हे दुकानातलं." मी डोकं लढवलं, लिंबाला चिकटपट्टीनं एक हिरवं पान लावलं. हुंगलं, म्हणाली, "हे दुकानातलं. आणि पान जिरेनियमचं आहे."

या हिवाळ्यात तिनं खाणंच सोडलं. चमचा आला की ओठ मिटायची. नर्सनं आर्लिसला बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं. आणि आमच्या झाडावर? सगळी गळून एकच लिंबू उरलेलं! मी म्हटलं, "तोड आणि चल." तर म्हणते, "तोडलं की ते दुकानातलं."

म्हणजे काय? झाडच न्यायचं! खडीसकट! मी आणि शेजारचा ड्वेन, दोघांच्या कमरा आधीच गेलेल्या, टब उचलून त्याच्या व्हॅनमध्ये घातला. झाडाला गोधडी गुंडाळली. मी मागे झाडाशेजारी, ते लिंबू दोन्ही हातांत धरून! ड्वेन विचारतोय, "गाणं लावू का?" मी म्हटलं, "खड्डे बघ!"

खोलीत नेलं, गोधडी काढली. लव्होननं पाहिलं... आणि काय म्हणाली असेल? "आर्लिस, पाणी घातलंस का गं याला?" हात पुढे केला, लिंबू पिरगाळलं, तोडलं. सालीत नख रुतवलं, हुंगलं, डोळे मिटले. मग डोळे उघडून म्हणाली, "मासा कुठाय?"

आर्लिसनं माझ्याकडे पाहिलं. मासे तुझे, लिंबं माझी... कसलं काय! गेलो घरी. मी ज्याच्यावर डोळा ठेवून होतो ना, तोच धरला, सगळ्यात मोठा. मक्याच्या पिठात घोळवला, कुरकुरीत तळला, गरम गरम आणला. लव्होननं वर लिंबू पिळलं आणि खाल्ला हो! अख्खा! आर्लिस बाहेर जाऊन रडली. मीही रडलो, लपवायचं काय त्यात.

मग लव्होननं बशी माझ्याकडे सरकवली. बशीत नुसते काटे. म्हणाली, "हे घेऊन जा मिस्टर हॅगन. तुमच्याकडे मांजर आहे ना?"

"आहे," म्हटलं. काय म्हणणार?

आता दर शुक्रवारी एक मासा तिकडे जातो. आणि लिंबू? दुकानातलं! आता चालतं! हूं नाही की चूं नाही! मासे तुझे म्हणे... मी तळतो, नेतो, ती जेवते, मी काटे घेऊन परत येतो. परवा मायेनं विचारलं तिनं, "मिस्टर हॅगन, मांजर कसं आहे हो तुमचं?"

म्हटलं, "बरं आहे. पण काट्यांवरच भागवतंय बिचारं!"