बोट जिभेला लागलं तर

पेपर तपासायला टॅबलेट मिळणार होते, त्यासाठी शिक्षकांची रांग होती. अर्ध्या तासात दहा पेपर स्क्रीनवर तपासून दाखवणाऱ्यालाच यंदा परीक्षक नेमणार होते. भूगोलाच्या सरांपुढे गणिताच्या बाई उभ्या होत्या, सोबतीला त्यांचे शेजारी, शिंपी. सरांनी कान टवकारले.

“बाई, लावा पैज. पान उलटताना तुमचं बोट जिभेला लागणारच.”

“नाही लागणार. लागलं तर इथेच कान धरून दहा उठाबशा काढीन. नाही लागलं तर तुम्ही काढायच्या.”

“माझे गुडघे गेलेत हो.”

“मग पैज कशाला लावता? दोरा ओवताना आधी तोंडात कोण घालतं, ते रोज बघते मी.”

“दोऱ्याचं चालतं. ओल्या बोटानं त्या काचेवरचं पान भलतीकडेच पळतं. नापास झालात तर?”

“तर यंदा पेपर नाहीत. घरी बसून तुमच्या मशीनची खडखड ऐकायची.”

बाईंचा नंबर लागला. शिंपी दारातून डोकावत राहिले. अठ्ठावीस मिनिटांनी बाई टॅबलेट छातीशी धरून बाहेर आल्या.

“पास झाले.”

“वा. म्हणजे मी हरलो. धरतो कान.”

“थांबा. नवव्या पेपरला बोट गेलं होतं जिभेला.”

“मला नाही दिसलं.”

“मला कळलं ना.”

“अहो, सगळी रांग बघतेय. मास्तर लोक हसतील.”

“हसू देत. हा टॅबलेट धरा. पालथा नको, नीट धरा.”

बाईंनी चष्मा पर्समध्ये ठेवला आणि दोन्ही कान धरले.

“मोजा.”

“एक.”

“मोठ्यानं मोजा. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”