किरणच्या भाराचा गूळ

उपासाचे दाणे घ्यायला शिळफाट्याच्या दुकानात थांबलेल्या सुमनताईंच्या पुढं मायलेकी होत्या.

"बासष्ट किलो गूळ द्या, भाऊ. किरणची गूळतुला बोललेय देवीला."

"आई गं, दादानं वजन सिंगापुरात केलंय. तिथं विषुववृत्ताजवळ पृथ्वी फुगीर हाय. माणूस तिच्या मध्यापास्नं लांब पडतो, म्हणून इथल्यापेक्षा कमी भरतो."

"मग देवीला कमी पडंल?"

"तीस-पस्तीस ग्रॅम गं! खडाभर."

"तो खडा वर घाला, भाऊ."

"घालतो मावशी. पण पारड्यात बसायला पोरगा येतोय ना?"

"नाय येत. रजा नाय म्हणाला."

"मग कसं?"

"त्याच्या जागी वजनं ठेवू. पाच वर्षांत पोर केवढं झालं, तेवढं तरी कळलं मला."