पत्रिकेच्या तळची किलबिल

बसा, बसा. म्हातारी आली म्हणून उठू नका. एवढी शिकलेली माणसं समोर बघून माझी जीभ टाळ्याला चिकटलीय. शोकसभेत हसू नये, एवढं मला कळतं. पण तुम्ही मला बोलवलंत, हातात माईक दिलात, त्याचा आनंद झालाय आणि तो लपत नाही. माफ करा.

मी मृणालची आजी. लालबागच्या चाळीतली. शाळा चौथीपर्यंत, तीही गळकी. करंदीकर सर गेले. त्यांच्या हाताखाली माझ्या नातीने सहा वर्षं जंतूंवर काम केलं. जंतू कुठले? माझ्या आंबोळीच्या पिठातले. पीठ फुगतं ते कशाने, हे शोधायला माझा पिठाचा टोप परळला, सरांच्या लॅबमध्ये आला. सरांना आंबोळ्या आवडायच्या. चांगलं खायचे हो. त्यात खोटं बोलणार नाही.

मृणाल रविवारीसुद्धा जायची. कशाला, तर काचेच्या बशीतल्या जंतूंना खाऊ घालायला. एकदा बशांना बुरशी लागली. तीन महिने पाण्यात. पोर जेवेना. मी म्हटलं, अगो, लोणच्याला बुरशी लागली तर मी काय जीव देते? नवीन घाल. घातलं तिने. मग गौरी-गणपतीला गावी जायचं होतं. सर म्हणाले, "मृणाल, जंतूंना गणपतीची सुट्टी नसते." खरंच आहे. सर स्वतः गावी गेले. त्यांच्याकडे गौरीबरोबर जातो गणपती.

मग तो पेपर छापून आला. वर्तमानपत्र नव्हे, तुमचा तो पेपर. मला कुठलं इंग्रजी. मृणालचं नाव एका चिठ्ठीवर लिहून घेतलं, चिठ्ठी शेजारी ठेवली आणि बोट फिरवत गेले. वर सरांचं नाव. मागोमाग त्यांच्या जावयाचं, ज्याने आमचा टोप कधी बघितला नाही. माझ्या पोरीचं नाव सापडलं पार तळाला, बारीक अक्षरात. मी खूश. लग्नाच्या पत्रिकेत तळाला किलबिल असते ना? 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं', आणि पुढे घरातल्या लाडक्या पोरांची नावं. मला वाटलं, ही सरांची लाडकी. तिन्ही मजल्यांवर पेढे वाटले मी.

मृणाल घरी आली. म्हणाली, "आजी, ते आभार आहेत."

"मग आभार चांगलेच की."

"फ्रीज दुरुस्त करणाऱ्याचेही तिथेच मानलेत."

मी सरांना फोन लावला. म्हटलं, सर, नाव तळाला का? ते म्हणाले, "आजी, तिच्यापुढे खूप वर्षं आहेत. घाई कशाला?" बरोबर बोलले. तिच्यापुढे होती. त्यांच्यापुढे नव्हती.

आता दुसरा पेपर तयार आहे. सगळं काम मृणालचं. माझ्याआधी बोलले ते सरांचे जुने विद्यार्थी म्हणाले, श्रद्धांजली म्हणून सरांचं नाव पहिलं घालू या. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्यात. माझ्या पोरीने मान खाली घातली. बघा, अजून खालीच आहे. मृणाल, माझ्याकडे डोळे वटारू नकोस. माईक माझ्या हातात आहे.

सरांच्या बाई पुढे बसल्यात. बाई, मी पण नवरा पोचवलाय. तुमचं दुःख मला कळतं. सरांना वगळा असं मी म्हणत नाही. घाला की त्यांचं नाव. तळाला घाला, बारीक अक्षरात, फ्रीजवाल्याच्या शेजारी. पहिलं नाव माझ्या पोरीचं. आम्ही तेव्हा पेढे वाटले होते. तुम्हीही वाटा.

झालं माझं. सरांसाठी आता दोन मिनिटं गप्प उभं राहू या. मृणाल, तुझी बशा बघायची वेळ झाली ना? तू नीघ. जंतूंना शोकसभेची सुट्टी नसते. आम्ही उभे राहतो.