हार्गिसबाईंच्या आजोबांच्या अस्थींबाबत

नाव: उपासना नरेंद्र खोब्रागडे. वय: ३४. धंदा: विद्यापीठात लॅब टेक्निशियन. राहणार: ओक हॉलो रोड, मिझुरी, अमेरिका, मूळ नागपूर. तारीख: १७ ऑक्टोबर १९९५.

पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगते, की मला इंग्रजी येतं. पण जबाब आईबद्दल आहे, तो तिलाही वाचता यावा म्हणून मराठीत देते. दुभाषी नीलाताई लिहून घेत आहेत.

माझ्या शेजारी वेल्मा हार्गिस राहतात. वय ऐंशीच्या पुढे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इथल्या यादवी युद्धात जेड क्रॉली हा गनिमी टोळीचा म्होरक्या होता. काळ्या लोकांची एक वस्ती त्याने माणसांसकट जाळली. सैन्याने त्याला तंबाखूच्या कोठारात मारलं, असं पुस्तकात आहे. गाव म्हणतं, मेला तो भलताच. खरा क्रॉली नाव बदलून शेती करत म्हातारा होऊन मेला, आणि तेच वेल्मा यांचे आजोबा. त्या म्हणतात, "माझी वेणी घालायचे ते. त्याच हातांनी आग लावली का, हे मरण्याआधी मला कळायला हवं."

म्हणून कोर्टाच्या परवानगीने आजोबांचं थडगं उकरलं. दोन हाडं आणि थोडे दात एवढंच उरलं होतं. क्रॉलीच्या बहिणीच्या वंशातल्या एका बाईच्या रक्ताशी ते ताडून बघायचं होतं. ही खूण फक्त आईकडून मुलांत उतरते, म्हणून वेल्मा यांच्या रक्तावरून ते कळत नाही. हाडांची पेटी सोमवारी मी लॅबमध्ये ड्रॉप करणार होते. तोवर ती माझ्या घरी होती.

माझी आई राधाबाई रामटेके नागपूरहून आली आहे. पेटीत काय, असं तिने विचारलं. मी घाईत म्हटलं, शेजारच्या आजींच्या आजोबांच्या अस्थी. लॅबचं बोलले नाही. आमच्याकडे अस्थी घरात ठेवत नाहीत, नदीत सोडतात. शनिवारी मी कामावर गेल्यावर आई पांढरं पातळ नेसून मागच्या नदीवर गेली, बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हणाली आणि सगळं पाण्यात सोडून आली. मला म्हणाली, "तुला सुट्टी नाही, त्या बाईला चालवत नाही. म्हटलं, माणसाला किती ताटकळत ठेवायचं? आले उरकून."

माझा भाऊ कुशल नक्षलवाद्यांत गेला होता. तो चकमकीत मेला, असं आम्हाला कळवलं. देह मिळाला नाही. वडिलांनी मानलं. आईने त्याच्या फोटोला कधी हार घालू दिला नाही. "अस्थी दाखवा, मग रडीन," म्हणायची. शनिवारी ती स्वयंपाकघरात फरशीवर बसून कुशलचं नाव घेत रडली. मी खूप चिडले होते. तरी तिच्याजवळ बसले.

लॅबचं मी तिला नंतर सांगितलं. "आधी का नाही सांगितलंस गं?" एवढंच ती म्हणाली.

मग आम्ही दोघी वेल्मा यांच्याकडे गेलो. कुशलचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तक्रार करणार नाही म्हणाल्या. पण अस्थी कोर्टाच्या परवानगीने काढलेल्या, म्हणून मी स्वतः इथे आले आहे. मग म्हणाल्या, "तुझ्या आईला तिचा मुलगा मिळाला. मी आता कोणाची नात?" आईने त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो सोडवून घेतला.

नीलाताईंनी हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. आई वाचणार, तर हात सोडवून घेतल्याचं गाळू का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं तसंच लिहिलं आहे आणि तसंच राहू द्यावं.

सही
उपासना न. खोब्रागडे