हेडबाईंचं नाव उशिराच्या वहीत

मी सुलभा, शाळेत शिपाई, पोरं मावशी बोलतात. माहेर कोकणातलं, लग्न करून इथं ठाण्याजवळ दिव्यात आली तेव्हा नुसतं खाजण होतं, खाडीचा चिखल, आणि आता बघा, खिडकीतून हात काढला तर समोरच्याच्या भाजीत जातो. शाळेची घंटा माझ्याकडे, गेटची चावी माझ्याकडे, म्हणजे शाळा माझीच, पण तसं बोलायचं नसतं.

काय सांगू तुम्हाला, तीन वर्षांपूर्वी नवीन हेडबाई आल्या, डोंबिवलीच्या, अगदी शुद्ध बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी मला सांगितलं, सुलभाताई, सात दहाला गेट बंद, नंतर साक्षात मी आले तरी उघडायचं नाही. मी बोलली, बरं. उशिरा येणाऱ्यांनी पहिला तास बाहेर उभं राहायचं आणि वहीत नाव, कारण लिहायचं. सगळी पोरं एकच लिहायची, पाणी आलेलं. बाई वैतागल्या, म्हणे ही ठरवून लिहितात. आता आमच्याकडे पाणी दिवसाआड, सकाळी तासभर, तेही त्याच्या मनात असलं तर, हे डोंबिवलीत कसं कळणार.

त्यात सहावीतली रेश्मा, हुशार मुलगी, सारखी बाहेर उभी, आणि मग यायचीच बंद झाली. आठवडा झाला तशा बाई बोलल्या, मी तिच्या आईलाच जाब विचारते. सकाळी साडेसहाला गेल्या, इस्त्रीची साडी नेसून. पुढचं मला रेश्माच्या आईनं सांगितलं. ती खाली पाईप धरून उभी, वर धाकटं रडतंय. तिला वाटलं मतदार यादीवाल्या आल्या. बोलली, ताई, जरा पाईप धरा, मी आलीच. आणि बाईंनी धरला. शेजारीण बोलली, धरलाच आहे तर माझा पण हंडा भरा. बाईंनी सात घरांचं पाणी भरलं. शिकलेल्या माणसाला नाही असं बोलता येत नाही. शेवटी रेश्मा रिकामी कळशी घेऊन जिना उतरली, समोर हेडबाई, तिची कळशीच पडली, तेव्हा आईला कळलं कोण ते.

बाई शाळेशी पोचल्या साडेसातला, निऱ्या ओल्या, रेश्मा सोबत. उघडा, बोलल्या. मी बोलली, बाई, तुमचाच हुकूम. हसू येत होतं आणि नोकरीची भीती पण वाटत होती. बाहेरच्या पोरांनी सरकून जागा केली, एकीनं वही पुढं केली. बाईंनी नाव लिहिलं, कारण लिहिलं, पाणी आलेलं. मग वहीची मागची पानं चाळत उभ्या राहिल्या, कितीतरी वेळ. हळूच बोलल्या, सुलभाताई, सगळी खरं लिहीत होती हो. तेव्हा मी कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवसापासून पहिला तास गोष्टींच्या पुस्तकांचा, येईल त्यानं आत येऊन बसायचं. गणिताचे सर चिडले, शिस्त जाईल बोलले. आठवड्यात ते स्वतःच पावणेआठला यायला लागले, विचारलं तर पाणी आलेलं. त्यांच्या बिल्डिंगला चोवीस तास पाणी आहे.

रेश्मा आता नववीत, प्रार्थनेनंतर माईकवर बातम्या वाचते, सर पण गप उभे राहून ऐकतात. आणि कुठलं पोर दोन दिवस दिसलं नाही की बाई नुसत्या माझ्याकडे बघतात, मी चपला घालते, घरी जाऊन येते. दर घरी चहा, माझी शुगर वाढली त्यानं. चालायचंच. पोरं सुखात राहोत, बाईंना देव भरपूर आयुष्य देवो, फक्त त्यांनी मला चौथ्या मजल्यावर पाठवू नये, गुडघे ऐकत नाहीत आता.